निदानाचे मोल

टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात उल्हास नदीचे पाणी शुद्ध होते आणि लक्षावधी माणसे ते पितात; परंतु माणसाला निर्धोक असलेले पाणी इंजिनालाही मानवते असे नाही. नळाच्या पाण्यातील क्षार इंजिनाच्या अंतर्मार्गांत पुटे धरतात, धातू गंजतो, आणि म्हणूनच एथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये असलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात साधारण निम्मे-निम्मे मिसळून घालावे, असा दंडक पडला आहे. भिवंडीच्या गुदामांतून माल वाहणाऱ्या टेम्पोमालकाच्या दृष्टीने हा प्रश्न चरितार्थाचा असतो.

टेमघर परिसरातील माझ्या परिचयाच्या अशाच एका मालकाची गाडी कसारा घाट चढताना तापू लागली आणि कूलंटची बाटली वरचेवर रिकामी होऊ लागली. ज्या गॅरेजात त्याने ती नेली, तेथे बॉनेट उघडून, वाफ पाहून, तत्काळ निवाडा देण्यात आला : “हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.” चाचणी कोणतीही नाही, लेखी अंदाजपत्रक नाही, आणि खर्चाचा आकडा मात्र त्या माणसाची झोप उडवणारा.

वास्तविक हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे गूढ नाहीत. इंजिन ऑइल दुधाळ होते, चालू इंजिनाच्या रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धुराड्यातून पांढरा धूर सुटतो. आणि संशय उरलाच तर जळलेल्या वायूच्या संपर्काने निळ्याचे पिवळे होणारे रसायन त्याची रुजवात करून देते. येथे यांपैकी एकही गोष्ट कोणी तपासली नव्हती. दुसऱ्या एका कारागिराने इंजिन पूर्ण थंड होऊ दिले, रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवला आणि १५ पौंडांपर्यंत दाब भरला. काटा सावकाश उतरू लागला, तेव्हा बॅटरी घेऊन तो गाडीखाली शिरला : वॉटर पंपाच्या पोटाशी असलेल्या बारीक छिद्रातून हिरवा थेंब ओघळत होता. पंपाचे सील निकामी झाले की गळती बाहेर दिसावी, एवढ्यासाठीच ते छिद्र ठेवलेले असते. त्याने झाकणाचीही परीक्षा केली. कारण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळणारे ते मिश्रण झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही, आणि झाकणाची स्प्रिंग सैल झाली तर हे सारे संरक्षण जाते.

पहिल्या कारागिराला लबाड ठरवून हा मामला मिटवणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी नेमक्या दुरुस्तीच्या व्यवसायाचा विचार करून दाखवून दिले की, जेथे दोष सांगणारा आणि तो दूर करून पैसे घेणारा एकच असतो, आणि काम झाल्यावरही ते आवश्यक होते की नव्हते हे गिऱ्हाइकाला कळत नाही, तेथे अनावश्यक काम विकण्याचा मोह त्या व्यवहाराच्या रचनेतच असतो. या रचनेला आपण गिऱ्हाईक हातभार लावतो. “नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?” हा प्रश्न आपण सर्रास विचारतो, सुट्या भागाचे पैसे देतो, मजुरी देतो, परंतु तासभर शांतपणे विचार करून “इंजिन खोलू नका” असे सांगणाऱ्याला चहावर बोळवतो. ज्या समाजात विचाराला दाम नाही आणि पाना फिरवण्यालाच आहे, तेथे पाना अधिक फिरेल, यात नवल ते काय?

शिवाय इंजिन एकदा खोलले की मालकाचा अखत्यार संपतो. सुटे झालेले यंत्र दुसरीकडे नेता येत नाही, आणि १८७२ च्या करार कायद्याचे १७० वे कलम, विरुद्ध करार नसल्यास, केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला देते. प्रामाणिक श्रमिकाच्या रक्षणासाठी हा हक्क योग्यच आहे. पण त्यामुळे गिऱ्हाइकाचे सामर्थ्य संमती देण्याच्या त्या एका क्षणात एकवटते, आणि घाईने व भीतीने तो क्षण आपण दवडतो.

लहान गॅरेजवाल्याला तपासणीची साधने परवडत नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे; पण हातपंप हे काही दुर्मिळ यंत्र नव्हे, आणि तपासणीचे वेगळे पैसे मिळू लागले तर तो विकत घेण्याची ऐपतही येईल. गरीब टेम्पोमालकावर हा नवा बोजा नाही; अनावश्यक गॅस्केटच्या खर्चापुढे तो क्षुल्लक आहे. तेव्हा वाहनधारकांना माझी कळकळीची विनंती आहे : कोणती चाचणी केली आणि तिच्यात काय आढळले हे कागदावर मागा, अंदाजपत्रकावर सही घ्या, बदललेला भाग परत मागा, आणि ज्याने इंजिन न खोलता खरे कारण सांगितले, त्याच्या हातावर त्या ज्ञानाचे मोल आनंदाने ठेवा.