क्रुसाचा विजय आणि असईचे रणांगण



येत्या १४ सप्टेंबरला पवित्र क्रुसाच्या विजयाचा सण आहे. त्यानंतर नऊच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, आपल्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईची तारीख येते. सण आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेत आहे, लढाई शाळेच्या इतिहासात. दोन्हीकडे शब्द मात्र एकच वापरला जातो : विजय. दोन्हीकडे त्याचा अर्थही एकच आहे का?

असईला काय झाले ते आधी आठवू. १८०३ साली भोकरदन-जाफराबाद भागात, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, एका बाजूला दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा होत्या आणि दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची इंग्रज कंपनीची फौज. एका दिवसात निकाल लागला. वेलस्ली जिंकला, ९८ तोफा त्याच्या हाती आल्या. पण त्याचीही ४२८ माणसे ठार झाली आणि हजाराहून अधिक जखमी. त्यांत मद्रासकडचे हिंदी शिपाई पुष्कळ होते. मराठ्यांची सुमारे बाराशे प्रेते रणांगणावर पडली होती. पोटासाठी नोकरी धरलेली गरिबांची पोरे दोन्हीकडून मेली. त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहेत?

हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. म्हातारपणी त्याला सर्वांत मोठ्या कामगिरीविषयी विचारले, तेव्हा त्याने असईचे नाव घेतले. पण असईसारखी हानी, तेवढाच लाभ होणार असला तरी, पुन्हा पाहावी लागू नये असेही त्यानेच लिहिले होते. वॉटर्लूनंतर तर हरलेल्या लढाईच्या खालोखाल दुःखाची गोष्ट म्हणजे जिंकलेली लढाई, अशा आशयाचे त्याचे पत्र आहे. जिंकणाऱ्याची ही साक्ष आहे, म्हणून ती महत्त्वाची.

आता संत पौलाकडे वळू. त्याच्या काळी रोममध्ये विजयी सेनापतीची मिरवणूक निघत असे. सेनापती रथात, मागे सैन्य, धुपाचा घमघमाट आणि पुढे साखळदंडांनी बांधलेले कैदी. यरुशलेम पाडल्यावर इ. स. ७१ मध्ये तीतने आपल्या बापाबरोबर अशी मिरवणूक काढली. मंदिरातला सात फाट्यांचा दिवा त्यात मिरवला गेला. तो रोममधल्या तीतच्या कमानीवर आजही कोरलेला दिसतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१४) पौल म्हणतो की, देव आपल्याला ख्रिस्ताच्या विजययात्रेत नेतो. आपण वाचताना स्वतःला रथात बसवतो! पण पौलाने वापरलेला ग्रीक शब्द कैद्यांना मिरवत नेण्यासाठीही वापरीत, आणि अनेक अभ्यासक येथे तोच अर्थ घेतात. छळ करणाऱ्या शौलाला ख्रिस्ताने दमास्कसच्या वाटेवर पकडले. तो हरला, आणि त्या हरण्याचा त्याला आनंद आहे. कलस्सैकरांस पत्रात (२:१५) तर तो सांगतो की, ख्रिस्ताने क्रुसावर सत्तांना नि:शस्त्र करून त्यांचीच धिंड काढली. म्हणजे खिळलेला मनुष्य हाच विजेता, आणि हरले ते पाप, द्वेष व मरण. माणूस हरला असे तिथे कुठेच लिहिलेले नाही.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने दाखवून दिले आहे की, मालकाला आपण मालक आहोत हे पटण्यासाठी गुलामाच्या कबुलीची गरज पडते. आमच्या मते आपल्या गावांत हे समजायला हेगेल वाचायची गरज नाही. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की गुलालाची मिरवणूक पडलेल्या उमेदवाराच्या दारासमोरूनच का जाते? डीजेचा आवाज तिथेच का वाढतो? त्याने दार उघडून पाहिले नाही तर जिंकण्याची चव लागत नाही, म्हणून!

आता पुनरुत्थानाची सकाळ पाहा. उठलेला प्रभू पिलाताच्या दारावरून गेला नाही. कयफाला किंवा हेरोदाला त्याने दर्शन दिले नाही. तो गेला मग्दालिया मरियेकडे, आणि मग त्याला टाकून पळालेल्या, दार लावून बसलेल्या शिष्यांकडे. त्यांना त्याने शांती दिली आणि हातांची व कुशीची जखम दाखवली (योहान २०). विजयानंतरही जखमा तशाच होत्या. प्रकटीकरणातही (५:५-६) योहानाला यहूदाच्या सिंहाने जय मिळवल्याचे सांगतात, आणि तो वळून पाहतो तर समोर वधलेला कोकरा.

ख्रिस्तसभेलाही हे नेहमी उमगले असे नाही. सम्राटांनी क्रूस सैन्याच्या निशाणावर चढवला. हेराक्लियसने इराण्यांकडून पवित्र क्रूस परत मिळवून सातव्या शतकात यरुशलेमला आणला, आणि आपल्या सणाशी ती आठवणही जोडलेली आहे. पण दहा वर्षेही झाली नाहीत तोच ते शहर पुन्हा हातचे गेले. तलवारीने राखलेला क्रूस तेवढाच टिकला.

कोणी विचारील, "फादर, मग आम्ही हरतच राहायचे का? बांध कोरून शेत बळकावले तरी गप्प बसायचे?" नाही. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही, का मारलेस म्हणून त्याने विचारले (योहान १८:२३). विधवेने आपल्या शेतासाठी कोर्टात जावे, आणि धर्मग्रामाने तिच्या पाठीशी उभे राहावे. मात्र निकाल हाती आल्यावर आपल्याला शेत हवे असते, की समोरच्याची मान खाली गेलेली पाहायची असते, हे प्रत्येकाने क्रुसासमोर स्वतःला विचारावे. आपल्याच मंदिरात काही घरे खटल्यापासून वेगवेगळ्या बाजूंना बसतात आणि शांतीची खूण देताना हात जोडून दुसरीकडे पाहतात. नावे घेत नाही, ती सर्वांना ठाऊक आहेत. त्यांतल्या जिंकलेल्या घराला आमची विनंती आहे की, १४ तारखेला क्रुसाचे चुंबन घेण्याआधी त्यांनीच पहिल्यांदा पलीकडच्या बाकापर्यंत चालत जावे. हरलेल्याला ते चार पावलांचे अंतर फार लांब पडते.

२३ सप्टेंबरची सायंकाळची मिस्सा असईला पडलेल्या सर्वांसाठी अर्पण करू : शिंद्यांचे, भोसल्यांचे आणि कंपनीचे, कोणत्याही धर्माचे. आपल्या घरातील मृतांची नावेही त्या दिवशी वेदीजवळच्या पेटीत टाकावीत. शक्य झाल्यास, ज्याच्याशी आपले भांडण होते आणि जो आता या जगात नाही, अशा एकाचे नाव त्यांत असावे.

आपले,
धर्मगुरू