शुश्रूषेंतील न्याय

एकाच वॉर्डांत दोन रुग्ण आहेत. एक दहा वर्षांचा मुलगा, दुसरा ऐंशी वर्षांचा वृद्ध. परिचारिका एकच. दोघांनाही एकाच वेळीं तिची गरज लागली, तर तिनें प्रथम कोणाकडे जावें? 'मुलाकडे', हें उत्तर आपल्या तोंडून सहज येतें. पण सहज येणारें उत्तर न्याय्यच असतें असें नाहीं.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनीं १९९७ मध्यें असा पक्ष मांडला कीं, प्रत्येकास आयुष्याचा रास्त वांटा मिळावा. ज्याला तो मिळून चुकला, त्याचा हक्क इतरांपेक्षां दुर्बल समजावा. यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? २०२० च्या मार्च महिन्यांत इटलींतील भूल व अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेनें, साधनें अपुरीं पडल्यास अतिदक्षता विभागांतील प्रवेशास वयाची मर्यादा घालावी लागण्याचा संभव आहे, असें स्पष्ट लिहिलें. श्वसनयंत्र दोघांत अर्धें अर्धें वांटतां येत नाहीं. तेथें निवड अटळ होते. परंतु तेथेंही मुख्य प्रश्न रुग्ण वांचण्याचा संभव किती, हा असतो. वय ही त्याची केवळ एक खूण, आणि तीही कधीं कधीं फसवी. सत्तरीचा निरोगी मनुष्य चाळिशींतल्या जर्जर मनुष्याहून अधिक तग धरूं शकतो.

शुश्रूषेची गोष्ट मात्र निराळी आहे. कूस पालटणें, पाण्याचा घोट देणें, वेदना शमविणें, हें एकाचें उरकून दुसऱ्याचें करतां येतें. म्हणजे प्रश्न उरतो तो केवळ क्रमाचा, आणि क्रम त्या घटकेच्या निकडीनें ठरावा. मुलाला तहान लागली आहे आणि वृद्धाचा श्वास कोंडला आहे, तर आधीं वृद्ध. उलट असेल, तर आधीं मूल. निकड अगदीं सारखीच असेल, तर मुलाकडे प्रथम जाण्यांत दोष नाहीं. पण इतक्या बारीक तोलाचे प्रसंग थोडे. नित्याचा धोका निराळाच आहे. मूल रडून हांक मारतें. वृद्ध बहुधा मुकाट्यानें पडून राहतो, आणि त्याच्या पाठीला शय्याव्रण झाल्यावरच आपलें लक्ष जातें.

कोणी म्हणेल, घरोघरच्या आजीच 'माझें आतां काय राहिलें? आधीं पोराकडे पाहा' असें म्हणतात ना? म्हणतात, आणि त्यांतच त्यांचें मोठेपण आहे. परंतु दान आणि कर यांत अंतर आहे. जें आजीनें मायेनें द्यावयाचें, तें नियम करून तिच्याकडून घेण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तसें आपण घेऊं लागलों, तर तिच्यापाशीं द्यावयास कांहीं उरणारच नाहीं.