खेळाला फळ हवेच का?

लातूरच्या शिकवणीच्या गल्ल्यांतून पाट्या वाचत चालत गेले, की नीट-जेईईच्या भल्यामोठ्या फलकांबरोबर चौथी-पाचवीच्या पोरांसाठी लावलेल्या पाट्याही भेटतात. नवोदय, सैनिकी शाळा, शिष्यवृत्ती, अबॅकस. 'लातूर पॅटर्न'ने गुण मिळवण्याचे तंत्र राज्याला शिकवले. आता ते तंत्र दुधाचे दात पडण्याच्या वयापर्यंत येऊन ठेपले आहे.

मग छंदाचे काय? तोही हिशेबात आलाच. चित्रकला, खेळ, शास्त्रीय कला, लोककला यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, हे तिसरीतल्या मुलाच्या आईलाही ठाऊक असते. राज्य सरकारने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. कल्पना उत्तम; पण उपक्रमांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापन आणि रस्ते सुरक्षाही आहे. आनंदालाही काहीतरी निमित्त लागते म्हणायचे!

निमित्त नसलेली कृती असू शकते का, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो थेट ईश्वराबद्दल विचारला गेला. ब्रह्माला काहीच कमी नाही, तर मग जग निर्माण करायचा खटाटोप कशासाठी? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाचे उत्तर आहे, लीला म्हणून. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य दोन दाखले देतात. एक राजाचा: सगळे काही मिळालेला राजा उगाच खेळतो. दुसरा श्वासोच्छ्वासाचा: तो कशासाठी म्हणून कोणी घेत नाही, आपसूक चालतो.

पहिला दाखला मराठवाड्यातल्या पालकाला पटणे अवघड. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरचा कोरडवाहू शेतकरी म्हणेल, सगळे मिळालेल्यांनी खेळावे, आमच्या पोराला आधी मार्गाला लागू द्या. त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण दुसऱ्या दाखल्याला श्रीमंती लागत नाही. मूल भरल्या घरात खेळते, दुष्काळी छावणीतही खेळते. फुरसत मिळाली म्हणून ते खेळते, असे नाहीच.

नांदेडमध्ये प्रश्न आणखी गुंततो. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये जिथे देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबच्या होला मोहल्ल्यात आणि नगरकीर्तनात लहान मुलेही गतका खेळतात. एका हातात सोटी, दुसऱ्यात फर्री म्हणजे छोटी ढाल. पाय जमिनीवर ठेका धरतात आणि वार नेमका ढालीवर पडतो. हे निर्हेतुक मुळीच नाही. मूळ युद्धाभ्यासाचे, त्यावर श्रद्धेचा रंग. हाच गतका जून 2022 मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत पदकांसाठीही खेळला गेला.

म्हणजे हेतू असला की खेळ बिघडतो, असे सरसकट म्हणता येत नाही. बिघडतो तो हेतूचा हिशेब खेळणाऱ्याच्या डोक्यात बसवला की. मिरवणुकीतले पोर सोटी फिरवताना सोटीतच असते. परंपरेचा भार वडीलधारी वाहतात. शिकवणीतल्या पोराला मात्र आपल्या छंदाचे वजन किती, हे तोंडपाठ असते. बालसंस्कार वर्गालाही हीच कसोटी लावावी. तिथे श्लोक म्हणताना मुलाला गंमत वाटते की पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायची धास्ती?

तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, हमामा, हुतुतू, फुगडी या पोराटोरांच्या खेळांवर अभंग आहेत. परमार्थ सांगायला संताला हे खेळ हलके वाटले नाहीत. त्यांतल्या हुतुतूच्या जातकुळीतली कबड्डी पुढे 1990 मध्ये आशियाई स्पर्धांत पोहोचली, तिला प्रमाणपत्रे आली, वाढीव गुणही आले. चांगलेच झाले. फुगडी अजून वारीच्या वाटेवर आहे. साठीतले वारकरी हात धरून गरगर फिरतात, दम लागला की हसत खाली बसतात, आणि त्यांचे गुण मांडायला तिथे कोणी वही घेऊन उभे नसते.