हौसेला मोल नाही?

'हौसेला मोल नाही' ही म्हण आपण दोन प्रसंगी वापरतो. कुणी ऐपतीबाहेर खर्च केला म्हणजे कौतुकाने, आणि कुणी बिनकामाच्या गोष्टीत दिवस घालवला म्हणजे उपहासाने. दिवाळीच्या दिवसांत तर ती घरोघर ऐकू येते. आकाशकंदिलासाठी कामट्या तासत बसलेल्या मुलाला आई हीच म्हण ऐकवते, आणि किल्ल्यासाठी माती वाहणाऱ्या धाकट्यालाही. पण म्हणी फार वापरल्या की गुळगुळीत होतात. त्यांच्यातल्या गाठी मग हाताला लागत नाहीत. हौसेला खरोखरच मोल नसते काय? की ते मोल दुसराच कुणी भरीत असतो?

मला हा प्रश्न पडला तो माझ्या सुतारकामाच्या हौसेमुळे. मी पेशाने शिक्षक. कादंबऱ्या लिहितो, आणि दोहोंतून वेळ उरला की राजूरच्या घरी पडवीत रंधा आणि पटाशी घेऊन बसतो. वर्षाकाठी एखादा पाट, एखादे स्टूल, शेजारच्या लेकीच्या रुखवतासाठी एखादे पोळपाट, एवढाच माझा कारखाना.

आमच्याकडे प्रदर्शन म्हटले की डोळ्यांपुढे येते ते डांगी जनावरांचे. तिथे बैलाच्या पाठीवर थाप मारल्याखेरीज कुणी किंमत विचारीत नाही. लाकूडकामाच्या यंत्रांचे मोठे प्रदर्शन बेंगळुरूला आणि दिल्लीला भरते, हे ऐकून होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तसेच प्रदर्शन 'मुंबईवुड' या नावाने गोरेगावला प्रथमच भरले, तेव्हा मात्र राहवले नाही. सोबतीला गावातले एक मिस्त्री आले. त्यांच्याजवळ बसून मी करवतीला धार लावायला शिकलो. घोटीवरून इगतपुरीपर्यंत एस.टी., पुढे आगगाडी, असे आम्ही गेलो. एक पोटासाठी आणि एक हौसेसाठी.

आत शिरल्यावर प्रथम जाणवले ते हे की, एवढ्या लाकडाच्या दुनियेत लाकडाचा वास फारसा नव्हता. एका यंत्रावर आठ फूट बाय चार फुटांचा तक्ता ठेवला होता. संगणकाने आधीच हिशेब करून कपाटाचे सगळे भाग त्या तक्त्यावर असे मांडले होते की कमीत कमी तुकडा वाया जावा. खालून हवा ओढून तक्ता घट्ट धरला गेला, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते त्यावर फिरू लागले. कापणे, खाचा पाडणे, बिजागरीची भोके घेणे, सारे एका दमात. शेजारचे यंत्र कापलेल्या कडांना पट्टी चिकटवून देत होते. पलीकडे एका फळीवर वेलबुट्टी उमटत होती. चार दिवसांचे कोरीव काम, आम्ही पाहत उभे होतो तेवढ्यात अर्धे झाले.

वाचकहो, अस्सल लाकूड मोठे लहरी असते. पावसाळ्यात ते आडवे फुगते, उभ्या रेषेत मात्र जवळजवळ जसेच्या तसे राहते. म्हणून जुन्या वाड्यांच्या दारांत मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल सोडलेली असते; तिला फुगायला जागा हवी. ही जागा किती ठेवायची, ते सुतार झाडाची जात पाहून आणि रेषा वाचून ठरवतो. सागाचे गणित वेगळे, बाभळीचे वेगळे. प्रदर्शनातले बहुतेक तक्ते मात्र लाकडाचा भुगा नाही तर तंतू राळेत दाबून बनवलेले. त्यांना रेषाच नाही. स्वभाव काढून टाकलेले लाकूड यंत्राला सोयीचे पडते. वर्गात साठ मुले समोर ठेवून शिकवणाऱ्याला ही सोय ओळखीची वाटते आणि थोडी भीतीचीही.

मी मिस्त्रींना म्हणालो, "काम सफाईदार आहे, पण यात जीव कुठे आहे?"

ते यंत्रावरची नजर न काढता म्हणाले, "जीव माझा होता ना, गुरुजी. तो कमरेत अन् गुडघ्यात गेला. तुमचं स्टूल दिवाळीला नाही झालं तर संक्रांतीला होतं. माझं दार लग्नाच्या आदल्या दिवशी बसलंच पाहिजे." आणि ते यंत्राची किंमत विचारायला पुढे गेले. वीज गेली तर काय, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता.

त्यांच्या या उत्तरात नीतीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. हातकामाच्या मरणाबद्दल शोक करण्याचा अधिकार कुणाचा? ज्याला ते काम करावे लागते त्याचा, की ज्याला ते करावेसे वाटते त्याचा? गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता. नांगर, कुळव, गाडी यांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५च्या 'गावगाडा' या ग्रंथात ही सारी व्यवस्था नोंदलेली आहे. आज आपण तिच्याकडे वळून पाहताना वासल्याची कमाई विसरतो आणि वाकसाची लय आठवतो. सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचे, हा त्या लयीतला ठेका होता. माझ्या हौसेला जे दार उघडे आहे, ते त्याला बाहेरून लावलेले होते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटली. भीती ओसरली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर शेतोशेती पोचला. लाकडी नांगर घडवणाऱ्या हातांचे काम त्याने घटवले. पण बैलाचे आणि कुणब्याचे कष्टही हलके केले. एकाच पात्याने एकाचे ओझे उतरते आणि दुसऱ्याची भाकरी कापली जाते. यंत्राचा न्याय करताना ही दोन्ही माणसे समोर उभी करावी लागतात.

हौशी माणूस स्वतःचे समर्थन करताना पुष्कळदा गीतेचा आधार घेतो. 'मी फळाची अपेक्षा ठेवीत नाही,' असे तो म्हणतो. पण महिन्याच्या एक तारखेला ज्याचा पगार होतो, त्याने स्टुलाच्या फळाची आशा सोडली तर त्यात त्याग कोणता? भरल्या पोटी निष्काम होणे फार सोपे आहे. रूसोला हे उमगले असावे. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'एमिल'मध्ये त्याने आपल्या मानसपुत्राला सुतारकाम शिकवले, पण ते खेळ म्हणून नव्हे; खऱ्या उस्तादाच्या हाताखाली, उमेदवार म्हणून. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमचा विचार मांडला, त्यातही हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणाच होता. दोघांनाही हाताला वळण लावण्यापेक्षा मनाला वळण लावायचे होते.

मग माझ्यासारख्याने रंधा खाली ठेवावा काय? मला तसे वाटत नाही. ज्याने स्वतः एक सांधा बसवला आहे, कूस खाचेत नीट जावी म्हणून केसाएवढे लाकूड तासताना ज्याचा घाम गळला आहे, त्याला सुताराच्या मजुरीत घासाघीस करताना जीभ अडखळलीच पाहिजे. ती अडखळत नसेल तर त्याची हौस निव्वळ करमणूक. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक, मग दोन लाखांचे कर्ज मिळू शकते. सरकारने आपल्या परीने मोल ठरवले आहे. बाकीचे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते, आणि ते ठरते आपल्याच उंबऱ्यावर, चौकटीचे माप घेऊन झाल्यावर, 'एवढे कसे?' असे आपण विचारतो त्या क्षणी.

परतीच्या गाडीत मिस्त्री हिशेब करीत होते. एकट्याला यंत्र झेपायचे नाही; तिघा-चौघांनी मिळून घेतले तर कापण्याचे काम त्याच्यावर सोपवावे आणि जुन्या दारांची दुरुस्ती हाताकडे ठेवावी, असा त्यांचा विचार चालला होता. "रेष बघायला अजून माणूसच लागतो," ते म्हणाले. त्या वाक्यात शोक नव्हता आणि अभिमानही नव्हता. ती एका कारागिराने केलेली वाटणी होती: कष्ट यंत्राला, पारख माणसाला.

हौसेला मोल नसेल तर नसो. पण दुसऱ्याच्या घामाचे मोल तिने आपल्याला शिकवावे, एवढी अपेक्षा तिच्याकडून ठेवायला हरकत नाही. या दिवाळीत मुलगा कामट्या तासत बसला असेल तर त्याला उठवू नका. त्याचा कंदील वाकडा होईल; पण उद्या बाजारात कुणाचा सरळ कंदील पाहून तो भाव पाडायच्या आधी क्षणभर थांबेल.