उघडे दार आणि चालू गल्ला

पुस्तकांच्या एखाद्या दुकानात माणसे नेमाने येऊ लागतात, एकमेकांची तोंडे ओळखू लागतात आणि काही वर्षांनी त्या दुकानाला ‘आपले’ म्हणू लागतात. कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानाबाबत असे क्वचित घडते. या जमण्याला समुदाय म्हणावे, की ती नुसती गिऱ्हाइकांची वर्दळ? धर्मपरंपरांमध्ये समुदाय श्रद्धेवर, दीक्षेवर किंवा एखाद्या व्रतावर उभा राहतो. दुकान उभे असते ते किमतीवर. पैसे मोजणे आणि आपुलकी या दोन गोष्टी एका छपराखाली किती काळ आणि कोणत्या अटींवर नांदू शकतात, हे तपासायला पॅरिसमधले ‘शेक्सपियर अँड कंपनी’ हे उदाहरण सोयीचे आहे. उदाहरण एक, दुकाने मात्र दोन. नाव एकच असल्याने त्यांची सतत गल्लत होते.

पहिले दुकान सिल्व्हिया बीच या अमेरिकन बाईंनी 19 नोव्हेंबर 1919 रोजी रू द्युप्युत्रां या गल्लीत उघडले. त्यांचे वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री, आणि दुकानाचे भांडवल आईने पाठवलेले. दीडेक वर्षात दुकान रू द ल’ओदेऑं या रस्त्यावर गेले. त्यांची मैत्रीण आद्रिएन मोनिए हिचे फ्रेंच पुस्तकांचे दुकान समोरच होते. त्या काळी इंग्रजी पुस्तके पॅरिसमध्ये महाग पडत, म्हणून बीच यांनी विक्रीपेक्षा वाचनालयावर भर दिला. वर्गणी भरायची आणि पुस्तक घरी न्यायचे. हेमिंग्वे, गर्ट्रूड स्टाइन, पुढे सिमोन द बोव्हार असे वर्गणीदार त्यांना लाभले. दुकानाचा पत्ता हाच पुष्कळांचा टपालाचा पत्ता झाला. वर्गणी हा शुद्ध व्यवहार होता, पण त्यामुळे माणूस पुन्हा पुन्हा यायला बांधला जाई. ओळखी वाढल्या त्या या येण्याजाण्यातून.

व्यवहाराची मर्यादा सुटली की काय होते, तेही याच दुकानात दिसले. जेम्स जॉइस यांची ‘युलिसिस’ ही कादंबरी छापायला इंग्रजी मुलखातला प्रकाशक धजेना, तेव्हा प्रकाशनाचा अनुभव नसलेल्या बीच यांनी ती 2 फेब्रुवारी 1922 रोजी काढली. पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. पुढची दहा वर्षे जॉइस आगाऊ पैसे उचलत राहिले आणि दुकानाचा गल्ला लेखकाच्या घरखर्चाला जुंपला गेला. अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशनसंस्थेशी करार करण्याची वेळ आली, तेव्हा बीच यांनी आपला हक्क सोडून दिला आणि त्या आवृत्तीतून त्यांच्या हाती काही आले नाही. याला औदार्य म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण ज्या घरात पाहुणाच कोठाराच्या किल्ल्या बाळगतो, तिथे यजमान फार काळ यजमान राहत नाही, हेही तितकेच खरे.

1936 पर्यंत दुकान बंद पडायच्या बेताला आले. तेव्हा आंद्रे जीद यांच्या पुढाकाराने फ्रेंच लेखकांनी मित्रमंडळ काढले. सभासदाने दोन वर्षे दरसाल 200 फ्रँक द्यायचे आणि त्या बदल्यात लेखकांची अभिवाचने ऐकायची. सभासद 200 च घेतले, कारण त्याहून जास्त माणसे दुकानात मावत नव्हती. जीद आणि पॉल व्हालेरी यांनी वाचन केले, टी. एस. एलियट त्यासाठी लंडनहून आले. इथे नात्याची दिशा उलटली. इतकी वर्षे ज्यांची सरबराई झाली त्यांनी यजमानाला उभे केले. तेही दान देऊन नव्हे, तिकीट काढून. ही भिडस्त रीत महत्त्वाची आहे. दान घेणारा मिंधा होतो, तिकीट विकणारा होत नाही.

जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये, 1941 च्या अखेरीस, एका जर्मन अधिकाऱ्याने जॉइस यांच्या ‘फिनेगन्स वेक’ची दर्शनी भागात ठेवलेली प्रत मागितली. बीच यांनी ती विकायला नकार दिला. सारा माल जप्त करण्याची धमकी मिळाल्यावर त्यांनी काही तासांतच पुस्तके वरच्या मजल्यावर हलवून दुकानाची पाटी रंगाने पुसून टाकली. पुढे त्यांना सुमारे सहा महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. दुकान पुन्हा उघडले नाही. ही कथा त्यांच्याच आठवणींतून आली आहे आणि ती बहुधा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. तत्त्वाच्या अंगाने पाहिले तर तिच्यात दुसरी एक गोष्ट आहे. पैसे देणाऱ्याला माल नाकारणे हा व्यापाराच्या नियमांचा भंग आहे. जिथे हा भंग शक्य असतो, तिथे व्यापाराखेरीज आणखी काहीतरी चालू आहे असे मानावे लागते.

दुसरे दुकान जॉर्ज व्हिटमन यांचे. लष्करी सेवेनंतर मिळणाऱ्या शिक्षणवेतनावर हा अमेरिकन तरुण 1946 मध्ये पॅरिसला आला आणि 1951 मध्ये त्याने 37, रू द ला ब्यूशरी इथे, सीन नदीपलीकडच्या नोत्र दामच्या समोर, ‘ल मिस्त्राल’ नावाने दुकान थाटले. बीच 1962 मध्ये वारल्या. 1964 मध्ये, शेक्सपियरच्या चारशेव्या जन्मवर्षी, व्हिटमन यांनी आपल्या दुकानाला त्यांच्या दुकानाचे नाव दिले. पुस्तकांच्या कपाटांमध्येच खाटा टाकलेल्या असत आणि वाटसरूला तिथे फुकट झोपायला मिळे. वाऱ्याबरोबर माळावर गडगडत जाणाऱ्या वाळक्या झुडपाला अमेरिकेत ‘टम्बलवीड’ म्हणतात. या मुक्कामी मंडळींना तेच नाव पडले. आजवर तीस हजारांहून अधिक जण असे राहून गेले, असे दुकान सांगते.

वरच्या मजल्यावर जाताना एका दारावर परक्याला विन्मुख न पाठवण्याबद्दलचे वचन रंगवलेले आहे: न जाणो, तो वेष पालटून आलेला देवदूत असेल. ही कल्पना ‘नव्या करारा’तल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातून आलेली आहे, आणि तिच्यामागे उत्पत्तीच्या पुस्तकातली अब्राहामाची कथा उभी आहे. तंबूच्या दाराशी आलेल्या तिघा अनोळखी माणसांना अब्राहाम जेवू घालतो; ते कोण, हे त्याला नंतर उमगते. तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली अतिथीला देव मानायला सांगते तेव्हा वरवर पाहता तीच शिकवण भासते. फरक मात्र मोठा आहे. शिक्षावल्लीत गुरू निरोप घेणाऱ्या शिष्याला गृहस्थाश्रमाचे कर्तव्य सांगतो आहे. पाहुणा कोणीही असो, देवत्व त्याला यजमानाच्या वृत्तीने मिळते. ख्रिस्ती वचनात यजमानाला काहीच ठाऊक नसते, आणि आतिथ्याचे कारण ते अज्ञानच आहे. पहिल्या भूमिकेत पाहुण्याची चौकशी अनावश्यक ठरते, दुसरीत ती अशक्य. व्हिटमन स्वतः डाव्या विचारांचे, रूढ अर्थाने श्रद्धाळू नव्हेत. दुकानाच्या वेषातली ही समाजवादी वसाहत आहे, असे ते म्हणत. तरीही बायबलचा धागा त्यांनी टाकला नाही. या जागी पूर्वी मठ होता आणि तिन्हीसांजेला दिवे लावणे हे त्यातल्या एका भिक्षूचे काम असे, ही गोष्ट ते आवडीने सांगत आणि त्या भिक्षूची भूमिका स्वतःकडे घेत. मठाच्या या गोष्टीत इतिहास किती आणि हौस किती, याने फारसे बिघडत नाही. स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहिले जावे असे त्यांना वाटत होते, ते तिच्यातून कळते.

मठाशी साम्य मात्र हौसेपुरते नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा त्रेपन्नावा अध्याय सांगतो की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे स्वागत तो साक्षात ख्रिस्त असल्यासारखे करावे. अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात रोजच्या वाचनाचे तास ठरवून दिले आहेत आणि उपवासकाळात प्रत्येक भिक्षूने एक ग्रंथ घेऊन तो आरंभापासून अखेरपर्यंत वाचावा असे म्हटले आहे. व्हिटमन यांच्या मुक्कामी पाहुण्यांनाही तीन अटी होत्या: दिवसाला एक पुस्तक वाचायचे, दुकानात काही तास काम करायचे आणि जाण्यापूर्वी एका पानात स्वतःचे चरित्र लिहून ठेवायचे. वाचन, श्रम आणि आत्मपरीक्षण ही मठाचीच त्रयी झाली. प्रार्थना तेवढी गळाली. रोज एक पुस्तक हा नियम किती जणांनी प्रामाणिकपणे पाळला असेल, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मठातल्या नियमांचेही असेच असते.

आता प्रश्न असा की अटी घातल्या तर ते आतिथ्य उरते का? कांटने 1795 च्या ‘शाश्वत शांतता’ या निबंधात या प्रश्नाचे मोजूनमापून उत्तर दिले. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू न मानले जाण्याचा हक्क आहे. तिथे पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही. म्हणजे भेटीचा हक्क आहे, मुक्कामाचा नाही. झाक देरिदा यांना हे तोकडे वाटले. खरे आतिथ्य नावगाव विचारत नाही, परतफेड मागत नाही, असे त्यांनी 1990 च्या दशकातल्या आपल्या व्याख्यानांत मांडले. पण त्याच वेळी त्यांनी हेही दाखवले की असे निरपेक्ष आतिथ्य करायला कोणाकडे तरी घर असावे लागते, आणि घर राखायचे तर दाराला कडी आली, नियम आले. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि एकाला दुसऱ्यावाचून चालत नाही. जॉइसपायी गल्ला रिकामा करणाऱ्या बीच पहिल्या टोकाला गेल्या. व्हिटमन यांच्या तीन अटी म्हणजे दारातून आत येताना नव्हे, आत आल्यावर लागू होणारे नियम. ही योजना देरिदांच्या कोड्यातून वाट काढत नाही, पण कोडे वागवून चालते.

मुक्कामी पाहुणे मूठभर असतात. दुकानाचा खरा समुदाय म्हणजे दिवसभर येऊन जाणारी माणसे, आणि त्यांच्याबाबत किमतीचे काम वेगळेच दिसते. मार्सेल मोस यांनी 1925 मध्ये दाखवून दिले की भेटवस्तू कधीच फुकट नसते. ती घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे ठेवते. छापील किंमत हे ओझे ठेवत नाही. पैसे दिले की हिशेब मिटला, माणूस मोकळा. कोणाच्या घरी जायचे तर ओळख लागते, मठात जायचे तर निदान नम्रता लागते. दुकानात शिरायला दार उघडे असणे पुरते. बुजऱ्या, उपऱ्या, भाषा न येणाऱ्या माणसाला हा कोरडेपणाच आसरा वाटतो. समुदायाच्या आड किंमत येते, ही समजूत म्हणूनच अर्धी आहे. अनोळखी माणसाला पहिले पाऊल टाकता येते ते किमतीमुळे.

पण एवढ्याने समुदाय होत नाही, नाहीतर प्रत्येक बाजारपेठेत तो झाला असता. पुस्तक हा माल मुळात विचित्र आहे. मिठाईच्या दुकानात पाव किलो पेढे ‘चाखून’ कोणी तसाच निघाला तर दुकानदाराचे नुकसान होते. पुस्तक तासभर वाचून फळीवर परत ठेवले तर ते होते तसेच राहते. त्यामुळे पुस्तकवाल्याला एक सवलत देता येते जी इतर व्यापाऱ्यांना परवडत नाही: न घेता वाचू देण्याची. ब्यूशरीवरच्या दुकानाचा वरचा मजला तर विक्रीसाठी नसलेल्या, बसून वाचायच्या पुस्तकांचाच आहे. खाली गल्ला, वर वाचनालय.

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे नाते पहिल्या प्रकारात मोडते आणि उपयोग संपला की संपते. पुस्तकांच्या दुकानातले नाते या तिन्हींत नीट बसत नाही. तिथली माणसे एकमेकांवर प्रेम करतात असे नाही. पुष्कळदा बोलतही नाहीत. कीर्तनाला बसलेले श्रोते एकच गोष्ट एकाच वेळी ऐकतात. वाचक एकाच खोलीत बसून वेगवेगळ्या गोष्टी, आपापल्या गतीने, एकेकटे वाचतात. त्यांच्यात समान आहे ती कोणती श्रद्धा नव्हे. दुसऱ्याला त्याच्या एकांतात राहू द्यावे, एवढाच अलिखित करार. धर्मसमुदायाशी तुलना केली तर हा बंध फारच सैल आहे. बेनेडिक्टचा भिक्षू आयुष्यभर एकाच मठात राहण्याचे व्रत घेतो, टम्बलवीड काही दिवसांत वा आठवड्यांत निघून जातो. मागे उरते ते एका पानाचे चरित्र. अशा हजारो पानांचा संग्रह दुकानाने जपला आहे, आणि ज्यांची एकमेकांशी कधी भेट झाली नाही अशा माणसांचा समुदाय कागदावर तरी आहे असे त्यामुळे म्हणता येते.

या समुदायाच्या उणिवाही आहेत. पॅरिसमधले हे दुकान मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्यांचे. प्रसिद्धीमुळे आता बाहेर पर्यटकांची रांग लागते, आणि एकांताचा करार रांगेत टिकत नाही. वाटसरूंना दार उघडे ठेवायचे ही इथली शिकवण, आणि वाटसरूच इतके झाले की दाराशी माणूस उभा करून मोजके लोक आत सोडावे लागतात.

2020 च्या साथीत हेच पर्यटक नाहीसे झाले आणि विक्री सुमारे 80 टक्क्यांनी घसरली. त्या शरद ऋतूत दुकानाने वाचकांना मदतीची हाक दिली, आणि जगभरातून मागण्यांचा पूर आला. 1936 चीच तऱ्हा: देणगी नव्हे, खरेदी. पण अशा दुकानांचा जीव केवळ वाचकांच्या सद्भावनेवर तगलेला नाही. फ्रान्समध्ये 1982 पासून लागू असलेल्या लांग कायद्यानुसार नव्या पुस्तकावर 5 टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. बड्या साखळी दुकानांनाही नाही. 2023 पासून 35 युरोंखालच्या घरपोच मागणीवर किमान 3 युरो पाठवणावळ घेणेही सक्तीचे झाले आहे. किमतीवरून स्पर्धा करता येऊ नये, अशी व्यवस्था राज्याने केल्यामुळे दुकानदाराला इतर गोष्टींकडे, म्हणजे खुर्च्या, खाटा आणि अभिवाचने यांकडे, लक्ष द्यायला उसंत मिळते.

मालकीचा मुद्दा राहतो. व्हिटमन 14 डिसेंबर 2011 रोजी, वयाच्या 98 व्या वर्षी, दुकानाच्या वरच्या घरातच वारले. त्याआधीच त्यांची मुलगी सिल्व्हिया, जिचे नाव बीच यांच्यावरून ठेवलेले, कारभार पाहू लागली होती. समाजवादी वसाहत म्हणवणारी ही जागा बापाकडून लेकीकडे गेली, आणि तिथे राहून गेलेल्या हजारोंना त्यात मत नव्हते. विसंगती उघड आहे. मात्र मठालाही अधिपती असतो, आणि देरिदांच्या युक्तिवादानुसार कोणाचेच नसलेल्या घरात कोणी कोणाला या म्हणू शकत नाही. सिल्व्हिया यांनी पुस्तके विषयवार लावली, संगणक आणला, कार्डाने पैसे घ्यायला सुरुवात केली आणि 2015 मध्ये शेजारी कॅफे काढले. खाटा ठेवल्या, तीन अटीही ठेवल्या.