पाहुणी राणी, यजमान शहर

१६३८च्या सप्टेंबरात मारी द मेदिची ॲम्स्टरडॅमला आली, तेव्हा तिच्या हाती कसलीच सत्ता उरली नव्हती. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीची ती विधवा, तेराव्या लुईची आई. पण मुलाशी आणि त्याच्या मंत्र्याशी, रिशल्यूशी, बिनसल्यामुळे १६३१पासून परमुलखात दिवस काढत होती. अशा राणीसाठी या शहराने कमानी उभारल्या, त्यांवर जिवंत देखावे मांडले, पाण्यावर तरंगतं बेट रचलं. सोहळा झाल्यावर कास्पार बार्लेउस या पंडिताकडून लॅटिनमध्ये वर्णन लिहून घेतलं आणि सालोमोन साव्हेरी, पीटर नोल्पे यांच्या कोरीव चित्रांसह त्याचा देखणा ग्रंथ छापला.

एवढा खटाटोप कशासाठी? ॲम्स्टरडॅम हे राजा नसलेल्या प्रजासत्ताकातलं व्यापाऱ्यांचं शहर. स्पेनच्या राजाविरुद्धचं त्यांचं युद्ध अजून संपलं नव्हतं. आपला दिमाख जगाला दाखवायला त्यांना राजघराण्यातलं कोणीतरी हवं होतं, आणि सत्ता गमावलेली राणी त्या कामाला पुरेशी होती. या स्वागताची आठवण म्हणून योआखिम फॉन सान्द्रार्टने १६४०मध्ये एका नागरी पथकाचं चित्र रंगवलं. त्यात शिपाई पूर्णाकृती, ऐटीत उभे आहेत. राणी आहे ती फक्त अर्धपुतळ्याच्या रूपात. मला हे चित्र सगळ्या ग्रंथापेक्षा प्रामाणिक वाटतं.

तरी खरी ताकद छापील चित्रांचीच. कमानी चार दिवसांच्या. तांब्याच्या पत्र्यावर मात्र कारागीर सगळं उलटं कोरतो, डावीकडचं उजवीकडे, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. आणि एका पत्र्यातून शेकडो प्रती निघतात. जे त्या दिवशी तिथे नव्हते त्यांच्यासाठी ग्रंथात दिसते तीच मिरवणूक. राणी १६४२मध्ये कलोनला विपन्नावस्थेत वारली. ग्रंथातलं ॲम्स्टरडॅमचं वैभव तसंच राहिलं.

पुढे १६९१मध्ये तिसरा विल्यम हेगमध्ये आला. इंग्लंडचा राजा, पण मायदेशी प्रांतिक सभांचा नेमलेला अधिकारी. रोमेन द होगने त्या सोहळ्याची चित्रं कोरली आणि त्यांत हा अधिकारी राजाच्या थाटात मिरवतो. प्रजासत्ताकाच्या रस्त्यावर राजाची मिरवणूक काढायची ॲम्स्टरडॅमचीच युक्ती आता ॲम्स्टरडॅमला जड जाणारी होती, कारण विल्यमशी त्या शहराचं वाजलं होतं, आणि आदल्याच वर्षी तिथल्या सत्ताधाऱ्यांशी पत्रकांचं युद्ध खेळलेला चित्रकार हाच होग होता.