बलदमध्ये जाऊन बसत जा

कोल्हापूर

चि. बाळास,


जेद्दाच्या जुन्या वस्तीचे, बलदचे फोटो पोचले. ते लाकडी जाळीचे रोशन, त्या पुढे आलेल्या खिडक्या बघताना तुझी आई मोबाइल खाली ठेवेना. तिचे गुडघे आता बरे आहेत. मला घोर लागलाय तो तुझ्या स्केचबुकाचा. खोलीत बसून फोटोवरून चित्रं काढतोस म्हणालास. तसं नको रे राजा, जागेवर जा.

आपले चित्रकार आबालाल रहिमान जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापूरला परतून इथलाच निसर्ग रंगवत राहिले. रंकाळ्यावर गेलो की अजून त्यांची आठवण होते. तिकडे फ्रान्समध्ये दोबिन्यीनं 1857 साली नावेचाच स्टुडिओ केला आणि वाझ नदीवरून चित्रं काढत हिंडला. पाण्यावरचा उजेड सारखा बदलतो, तो घरात बसून कसा सापडणार?

शार्ल मेरियोंचं तर तू मनावरच घे. तो रंगांध होता, म्हणून त्यानं एचिंग धरलं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईनं रेघा, मग पत्रा आम्लात. मेण निघालेल्या जागी आम्ल तांबं खातं, त्या खाचांत शाई भरून छाप घ्यायचा. 1850 ते 1854 या काळात त्यानं जुनं पॅरिस असं कोरलं. पुढे तिथला प्रशासक ओस्मान याच्या नव्या रस्त्यांपायी जुन्या वस्त्याच्या वस्त्या पाडल्या गेल्या.

बलद 2014 पासून जागतिक वारसा यादीत आहे, दुरुस्तीही चालू आहे, याचा आनंदच आहे. पण प्रवाळाच्या दगडातली आजची भेग, आज वाकलेला रोशन दुरुस्तीनंतर दिसणार नाही. ते तू आत्ताच काढून ठेव. नसीफ वाड्यापासून सुरुवात कर. 1925 साली जेद्दा ताब्यात आल्यावर सौदीचे राजे अब्दुलअझीझ तिथंच उतरले होते. दारात कडुलिंब आहे, आपल्या ओळखीचं झाड.

उन्हाचा जाऊ नकोस, अस्रची, दुपारनंतरची नमाज झाल्यावर नीघ. पाण्याची बाटली जवळ असू दे. ज्याच्या दुकानापुढे बसशील त्याला आधी सलाम कर. विचारल्याशिवाय कुणा माणसाचं चित्र काढू नकोस, बायकांचं तर नाहीच. खोडरबर घरी ठेव. चुकलेली रेघ तशीच राहू दे, शेजारी दुसरी ओढ. नोकरीनं थकतोस, ठाऊक आहे मला. म्हणून रोज जा म्हणत नाही. शुक्रवारी मात्र चुकवू नकोस.

पुढच्या वेळी वाड्याचा नको, तू काढलेल्या चित्राचा फोटो पाठव, आणि कोपऱ्यात तारीख नि वेळ घाल.

तुझा,
मामा